डुकराच्या किडनीची वाट पाहावी का? माकडांवरील प्रयोगांपासून आजच्या रुग्णांपर्यंत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले थोरले बंधू चार वर्षांपासून डायलिसिसवर आहेत आणि आठवड्यातून तीन वेळा त्यांना मशीनवर बसावे लागते. वहिनींना मधुमेह असल्याने त्या किडनी देऊ शकत नाहीत. आपण स्वतः द्यायला तयार आहात, रक्तगटही जुळतो. परंतु बंधू म्हणतात, ‘अमेरिकेत डुकराची किडनी बसवायला लागले आहेत, दोन वर्षांत इकडेही येईल, मग तुझ्या अंगावर सुरी कशाला?’ ही आशा कितपत खरी आहे, माकडांवर इतकी वर्षे प्रयोग होऊनही एवढा वेळ का लागला, आणि आज संशोधन नेमके कोठवर आले आहे, असे आपण विचारले आहे.

मी सत्तावीस वर्षे किडनी प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रिया करीत आहे आणि या संशोधनाकडे पहिल्यापासून आस्थेने पाहत आलो आहे. व्यवहाराचे उत्तर आधी देतो: बंधूंनी या आशेवर थांबू नये. मात्र याचा अर्थ बातम्या पोकळ आहेत असा नाही. गेल्या चार-पाच वर्षांत झालेली प्रगती खरी आहे, मोठी आहे, आणि माझ्या उमेदीच्या काळात ती आम्हाला अशक्य वाटत होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजण्यासाठी एकेक अडथळा कसा दूर झाला आणि तो दूर झाल्यावरच त्याच्यामागचा पुढचा कसा दिसू लागला, ते पाहावे लागेल.

किडनी प्रत्यारोपणात रक्तवाहिन्या शिवून झाल्या की चिमटे सोडतात. त्या क्षणी टेबलाभोवतीचे सगळे बोलणे थांबते. बर्फातून काढलेली, फिकट राखाडी, मऊ पडलेली किडनी काही सेकंदांत गुलाबी होते, बोटाला टणक लागते, आणि थोड्या वेळाने मूत्रवाहिनीच्या कापलेल्या टोकातून लघवीचा पहिला थेंब गळतो. शिकाऊ असताना मी एकदा याच्या उलट पाहिले. गुलाबी झालेली किडनी वीस मिनिटांत निळसर पडू लागली, तिच्यावर काळपट चट्टे उठले, ती लिबलिबीत झाली आणि ती त्याच बैठकीत काढावी लागली. त्या रुग्ण बाईंना पूर्वीच्या बाळंतपणांत आणि रक्त चढवताना परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार झाली होती आणि त्या काळच्या क्रॉसमॅच चाचणीत (दात्याच्या पेशी रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहण्याच्या चाचणीत) ती सापडली नव्हती. याला, म्हणजे शरीराने परका अवयव तत्काळ नाकारण्याला, आम्ही हायपरॲक्यूट रिजेक्शन म्हणतो. माणसामाणसांमध्ये आता ते जवळपास पाहायला मिळत नाही. परंतु साध्या, जनुकीय बदल न केलेल्या डुकराचा अवयव माणसाला किंवा बबून माकडाला बसवला, तर अपवाद वगळता हेच घडते, आणि तेही काही मिनिटांपासून काही तासांच्या आत.

याचे कारण एक साखर आहे. डुकराच्या रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरावर अल्फा-गॅल नावाची शर्करा असते. बहुतेक सस्तन प्राण्यांत ती आढळते. परंतु माणूस, चिंपांझीसारखे वानर आणि आशिया-आफ्रिकेतील माकडे यांच्या पूर्वजांत ती तयार करणारे जनुक कोट्यवधी वर्षांपूर्वी निकामी झाले. आपल्या आतड्यातील जिवाणूंवर तशाच धाटणीची शर्करा असते, म्हणून तान्हेपणापासूनच आपल्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. रक्तातील एकूण प्रतिपिंडांपैकी सुमारे एक टक्का केवळ या एका साखरेविरुद्ध असतात असे मानले जाते. प्रयोगांसाठी बबून आणि मकाक माकडेच का घेतली जातात, याचे उत्तरही येथेच आहे: दक्षिण अमेरिकेतील माकडांमध्ये ही साखर असते, म्हणून या प्रश्नापुरते त्यांचे शरीर माणसासारखे वागत नाही.

या साखरेची माहिती तेव्हा नव्हती, तरी माणसाचे जवळचे नातलग म्हणून सुरुवातीच्या शल्यविशारदांनी वानरांकडे वळणे स्वाभाविक होते. १९६३-६४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात कीथ रीम्ट्स्मा यांनी १३ रुग्णांना चिंपांझीच्या किडन्या बसवल्या. तेव्हा दीर्घकाळ डायलिसिसची सोय जवळपास नव्हतीच, म्हणजे दुसरा पर्याय मृत्यू हाच होता. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत रिजेक्शनने किंवा जंतुसंसर्गाने दगावले. एक तरुण शिक्षिका मात्र नऊ महिने जगली आणि मधल्या काळात कामावरही रुजू झाली. १९६४ च्या जानेवारीत मिसिसिपी विद्यापीठात जेम्स हार्डी यांनी एका रुग्णाला चिंपांझीचे हृदय बसवले; ते आकाराने अपुरे पडले आणि दोन तासांच्या आत थांबले. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे लिओनार्ड बेली यांनी एका नवजात मुलीला बबूनचे हृदय बसवले. बाळाचा रक्तगट ओ आणि बबूनचा एबी होता. ते बाळ तीन आठवडेच जगले. १९९२ मध्ये पिट्सबर्ग येथे टॉमस स्टार्झल यांच्या पथकाने बबूनचे यकृत बसवलेला रुग्ण ७० दिवस जगला.

पुढे हा मार्ग सोडून देण्यात आला, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. चिंपांझी संख्येने कमी, त्यांची वाढ संथ, एका वेळी एकच पिल्लू. शिवाय त्यांच्या अंगातील विषाणू आपल्याला सहज मानवतात. एचआयव्हीचे मूळ चिंपांझींतील विषाणूत आहे हे कळल्यावर या भीतीला दुजोरा मिळाला. आणि जो प्राणी आपल्याकडे पाहून आपले मन ओळखतो, त्याला अवयवांसाठी पाळण्याची कल्पना बहुतेकांना असह्य वाटते, मलाही वाटते.

डुकराचा गर्भकाळ तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांचा असतो, एका वेतात आठ-दहा पिल्ले होतात, आणि अवयवांचा आकार माणसाला जुळणारा असतो. डुकराच्या हृदयातील झडपा, रसायनांनी प्रक्रिया करून, अनेक दशकांपासून माणसांना बसवल्या जात आहेत. मानवी इन्सुलिन बाजारात येण्यापूर्वी मधुमेही लोक डुकराचे किंवा गाय-बैलांचे इन्सुलिन टोचून घेत. पण झडप ही निर्जीव केलेली ऊती असते आणि जिवंत अवयव ही निराळी गोष्ट आहे. हा भेद न जुमानल्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. १९९७ च्या आरंभी गुवाहाटीजवळच्या सोनापूर येथे डॉ. धनीराम बरुआ यांनी एका ३२ वर्षांच्या रुग्णाला डुकराचे हृदय बसवले. रुग्ण सात दिवसांनी दगावला आणि डॉ. बरुआ यांना मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली अटक झाली. आपल्याकडे कोणी त्यांना काळाच्या पुढचा माणूस म्हणतात. मला ते पटत नाही. अल्फा-गॅल न काढलेल्या डुकराचे हृदय माणसात टिकणार नाही हे माकडांवरील प्रयोगांतून तेव्हाही स्पष्ट होते, आणि ज्ञात अडथळा दूर केल्याविना रुग्णाला टेबलावर घेणे हे धाडस नव्हे.

इथून पुढे माकडाची भूमिका बदलली. पूर्वी तो अवयव देणारा होता, आता तो अवयव घेणारा झाला. डुकराची किडनी किंवा हृदय बबून किंवा मकाक माकडाला बसवायचे आणि ते किती दिवस चालते ते पाहायचे, हे या शास्त्राचे मोजमाप ठरले.

पहिला अडथळा जनुकशास्त्राने दूर केला. डॉली या मेंढीच्या जन्मामागे असलेल्या पीपीएल थेरप्युटिक्स या कंपनीने २००२ मध्ये व्हर्जिनियातील ब्लॅक्सबर्ग येथे अल्फा-गॅलच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बंद केलेली पिल्ले जन्माला घातली. २००५ मध्ये बोस्टनच्या पथकांनी अशा डुकरांचे अवयव बबूनला बसवल्याचे निष्कर्ष छापले: हृदय जास्तीत जास्त १७९ दिवस आणि किडनी ८३ दिवस चालली. मिनिटांचे महिने झाले. पण लगेच दुसरा अडथळा दिसला. उरलेल्या साखरींविरुद्धची प्रतिपिंडे हळूहळू रक्तवाहिन्यांच्या अस्तराला डिवचत राहत आणि सूक्ष्म वाहिन्यांत रक्त गोठत जाई. डुकराच्या अस्तरावरील रक्त गोठू न देणारी प्रथिने माकडाच्या किंवा माणसाच्या रक्ताशी नीट जुळत नाहीत. भाषा एक पण बोली निराळी, अशी ती स्थिती असते. यावर तोडगा म्हणून डुकरात मानवी जनुके घालण्यात आली: परक्या पेशी फोडणाऱ्या रक्तातील कॉम्प्लिमेंट प्रथिनांचा मारा रोखणारी, रक्त गोठणे आवरणारी, आणि भक्षक पेशींना ‘हा आपलाच आहे’ असा निरोप देणारी. सोबत आणखी दोन साखरींची जनुकेही बंद करण्यात आली.

तिसरा अडथळा टी-पेशींचा, म्हणजे परक्या ऊतींवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा होता. माणसाच्या प्रत्यारोपणात आम्ही रोज वापरतो ती टॅक्रोलिमससारखी रिजेक्शनरोधक औषधे डुकराच्या अवयवासाठी एकटी पुरत नाहीत. टी-पेशींना चेतवणारा सीडी-४० हा मार्ग प्रतिपिंडाच्या इंजेक्शनने अडवला तरच काम होते, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मूळचे कराचीचे डॉ. मुहम्मद मोहिउद्दीन यांनी दाखवून दिले. त्यांनी बबूनच्या पोटात जोडलेले डुकराचे हृदय एका प्राण्यात ९४५ दिवस धडधडत राहिले. तो निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र ते हृदय केवळ धडधडत होते, रक्ताभिसरणाचे काम बबूनचे स्वतःचेच हृदय करीत होते, आणि हा फरक बातम्यांत पुष्कळदा गळून गेला.

खरी परीक्षा म्युनिकमध्ये झाली, आणि तिच्यावर थोडे थांबणे मला आवश्यक वाटते, कारण प्रयोग कसा करावा याचा तो वस्तुपाठ आहे. ब्रूनो रायखार्ट यांच्या पथकाने बबूनचे स्वतःचे हृदय काढून त्या जागी डुकराचे बसवले. पहिल्या गटातील हृदये, मानवी अवयवाप्रमाणे थंड द्रावात ठेवून आणलेली असूनही, बहुतेक एक-दोन दिवसांत बंद पडली. रिजेक्शन नव्हते, डुकराच्या हृदयाला तेवढा वेळही रक्ताविना राहणे सोसत नव्हते. दुसऱ्या गटात हृदय थंड ठेवूनच त्यात प्राणवायुयुक्त द्राव सतत खेळता ठेवला. हृदये नीट सुरू झाली, पण काही आठवड्यांत ती वाढू लागली. डुकराचे हृदय डुकराच्या गतीने वाढत होते, बबूनच्या छातीत जागा उरत नव्हती आणि त्यामुळे यकृत निकामी होत होते. तिसऱ्या गटात रक्तदाब उतरवला, स्टिरॉइड लवकर कमी केले आणि वाढ रोखणारे औषध दिले, तेव्हा दोन बबून सहा महिने चांगल्या प्रकृतीत राहिले. सर्वाधिक काळ १९५ दिवसांचा. हा निबंध २०१८ चा आहे. पुढे ज्या डुकराचे हृदय माणसाला बसवले, त्याच्यातील वाढीच्या संप्रेरकाचे पेशीवरील स्वीकारस्थान बंद केलेले होते. त्यामागे हेच प्रयोग आहेत.

किडनीच्या बाबतीत सर्वांत विस्तृत काम २०२३ मध्ये ई-जेनेसिस या बोस्टनजवळच्या कंपनीने प्रसिद्ध केले. लांब शेपटीच्या मकाक माकडांत ज्या किडन्यांतील तीन साखरी फक्त काढल्या होत्या, त्या मध्यमान २४ दिवस (निम्म्या याहून कमी, निम्म्या याहून जास्त) चालल्या. ज्यांत सोबत सात मानवी जनुकेही घातली होती, त्या मध्यमान १७६ दिवस चालल्या, आणि एक माकड ७५८ दिवस जगले. यातील काही डुकरांत एकूण ६९ जनुकीय बदल होते. त्यांपैकी ५९ बदल डुकराच्या स्वतःच्या गुणसूत्रांत दडलेले रेट्रोव्हायरस निकामी करण्यासाठी होते. हे विषाणू प्रयोगशाळेत मानवी पेशींना लागण करू शकतात असे १९९७ मध्ये लंडनमधील रॉबिन वाइस यांच्या पथकाने दाखवल्यावर अनेक वर्षे या क्षेत्राचे पाय अडखळले होते. डुकराच्या पेशी किंवा अवयव मिळालेल्या कोणत्याही माणसात अशी लागण आजवर आढळलेली नाही. तरीही अशा रुग्णांना आयुष्यभर निगराणीखाली ठेवले जाते.

आता आपण विचारलेल्या विलंबाकडे येतो. माकडात डुकराची किडनी दोन वर्षे चालली, मग माणसावर लगेच का नाही? येथे दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात. पहिली अशी, की माकड हा माणसाचा अपुरा आरसा आहे. डुकरावर असणारी आणखी एक शर्करा माणसाने गमावली आहे, पण बबूनने आणि मकाकने गमावलेली नाही. माणसासाठी ती काढून टाकली की डुकराच्या पेशीवर असे काही उघडे पडते की माकडाच्या रक्तातील प्रतिपिंडे त्याच्यावर तुटून पडतात. म्हणजे माणसाला सर्वांत मानवेल असा अवयव माकडात उलट कमी टिकतो, आणि माकडात किती दिवस चालला यावरून माणसात किती दिवस चालेल ते सांगता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे माकडाला डायलिसिस देता येत नाही, रोज रक्त तपासता येत नाही, आणि कोठे दुखते ते त्याला सांगता येत नाही. त्याची किडनी बिघडली की ते मरते. माणसाला बसवलेली डुकराची किडनी बिघडली तर ती काढून त्याला पुन्हा मशीनवर घेता येते. म्हणूनच किडनी हा या क्षेत्रातला सर्वांत सुरक्षित पहिला अवयव आहे असे माझे पहिल्यापासूनचे मत आहे, जरी बातम्या हृदयाच्या अधिक झाल्या तरी.

माकड आणि रुग्ण यांच्यामधली पोकळी मेंदूमृत व्यक्तींच्या कुटुंबांनी भरून काढली. २५ सप्टेंबर २०२१ रोजी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या लँगोन रुग्णालयात डॉ. रॉबर्ट माँटगोमेरी यांनी एका मेंदूमृत बाईंच्या मांडीतील रक्तवाहिन्यांना डुकराची किडनी जोडली. ती किडनी ५४ तास लघवी तयार करीत राहिली. काही दिवसांतच अलाबामा विद्यापीठात डॉ. जेमी लॉक यांनी मेंदूमृत पुरुषाच्या दोन्ही किडन्या काढून दहा जनुकीय बदल केलेल्या डुकराच्या किडन्या बसवल्या आणि हायपरॲक्यूट रिजेक्शन होत नाही हे दाखवले. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्याच पथकाने असा प्रयोग ६१ दिवस चालवला. मधेच रिजेक्शन सुरू झाले आणि औषधांनी ते परतवता आले. आपल्या माणसाचे अंत्यसंस्कार दोन महिने लांबवून या कुटुंबांनी जे दिले, ते अवयवदानापेक्षा तसूभरही कमी नाही. माकडांची संख्या घटवणारा मार्गही हाच आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

जिवंत रुग्णातील पहिले हृदय ७ जानेवारी २०२२ रोजी मेरिलँड विद्यापीठात डॉ. बार्टली ग्रिफिथ आणि डॉ. मोहिउद्दीन यांनी बसवले. ५७ वर्षांचे ते गृहस्थ दोन महिने जगले. कित्येक आठवडे हृदयाने उत्तम काम केले, नंतर त्याची भिंत अचानक जाड आणि ताठ झाली. शवविच्छेदनात नेहमीच्या रिजेक्शनचे चित्र नव्हते; मात्र डुकराच्या सायटोमेगॅलोव्हायरसचा अंश सापडला. डुकराच्या नाकातील स्वॅब आधी स्वच्छ आला होता, कारण हा विषाणू ऊतींत दडून बसतो. याच विषाणूमुळे बबूनमधील अवयव लवकर निकामी होतात, हे जर्मन संशोधकांनी आधीच नोंदवलेले होते. माकडांनी दिलेला इशारा हातात असताना चाचणी अपुरी पडली, याची हळहळ मला अजून वाटते. आता प्रतिपिंडांची अधिक संवेदनशील तपासणी होते. २०२३ च्या सप्टेंबरात त्याच ठिकाणी दुसरे हृदय बसवले गेले. ते रुग्ण सुमारे सहा आठवडे जगले.

किडनीची कहाणी अधिक आशादायक आहे. १६ मार्च २०२४ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. तात्सुओ कवाई यांनी ६२ वर्षांच्या गृहस्थांना ६९ बदल केलेल्या डुकराची किडनी बसवली. चिमटे सोडताच ती गुलाबी झाली आणि लघवी सुरू झाली. आठव्या दिवशी टी-पेशींचे रिजेक्शन आले, ते औषधांनी आटोक्यात आणले गेले, आणि रुग्ण डायलिसिसविना घरी गेले. ५२ व्या दिवशी ते अचानक दगावले. किडनीत रिजेक्शन नव्हते. मृत्यूचे कारण अनेक वर्षांच्या आजाराने खिळखिळे झालेले त्यांचे हृदय होते. हे वाक्य आपल्या बंधूंनी दोनदा वाचावे. २०२४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये अलाबामाच्या ५३ वर्षांच्या बाईंना किडनी बसवली गेली. त्यांनी १९९९ मध्ये स्वतःची एक किडनी आईला दिली होती, पुढे उरलेली बिघडली, आणि शरीरात प्रतिपिंडे इतकी होती की मानवी किडनी जुळेना. डुकराची किडनी त्यांना १३० दिवस चालली. दुसऱ्या एका संसर्गामुळे रिजेक्शनरोधक औषधे कमी करावी लागली, रिजेक्शन झाले आणि ती काढावी लागली. त्या डायलिसिसवर परतल्या. जानेवारी २०२५ मध्ये बोस्टनमध्येच ६६ वर्षांच्या एका गृहस्थांना बसवलेली किडनी २७१ दिवस चालली आणि काम मंदावल्यावर ऑक्टोबरमध्ये काढली गेली.

आज आपण येथे उभे आहोत. हायपरॲक्यूट रिजेक्शनचा प्रश्न जवळपास सुटला आहे, पहिला महिना बहुतांशी सुखरूप जातो, आणि खरी झुंज तिसऱ्या ते दहाव्या महिन्यातील मंद, प्रतिपिंडांच्या रिजेक्शनशी आहे. शरीरक्रियेचेही काही प्रश्न आहेत: डुकराच्या किडनीतील रेनिन (रक्तदाब सांभाळणारे विकर) आपल्या रक्तातील प्रथिनावर नीट चालत नाही, त्यामुळे शरीरातील पाणी आणि रक्तदाब यांचा तोल वेगळ्या रीतीने सांभाळावा लागतो. औषधेही मानवी किडनीपेक्षा अधिक जोरकस लागतात, म्हणजे संसर्गाचा धोका अधिक.

यकृत आणि फुप्फुस यांचा मार्ग अधिक लांबचा आहे. चीनमधील शिआन शहरातील शीजिंग रुग्णालयात २०२४ मध्ये मेंदूमृत व्यक्तीत डुकराचे यकृत दहा दिवस चालवले गेले. ग्वांगझू येथे डुकराचे फुप्फुस नऊ दिवस. यकृत शेकडो प्रथिने तयार करते आणि फुप्फुस प्रत्येक श्वासाबरोबर बाहेरच्या जंतूंना भेटते, म्हणून तिथे गती संथ राहील.

२०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दोन कंपन्यांना रीतसर चाचण्यांची परवानगी दिली. युनायटेड थेरप्युटिक्सच्या चाचणीत आधी सहा रुग्ण आणि निष्कर्ष समाधानकारक असतील तर पन्नासपर्यंत. ई-जेनेसिसच्या चाचणीत तेहतीसपर्यंत. चाचणी म्हणजे उपचाराची सर्वांना खुली झालेली सोय नव्हे. जंतुमुक्त गोठ्यात, गाळलेल्या हवेत, मोजक्या माणसांच्या संपर्कात ही डुकरे वाढवावी लागतात. युनायटेड थेरप्युटिक्सने व्हर्जिनियात उभारलेल्या पहिल्या केंद्राची क्षमता वर्षाला सुमारे १२५ अवयवांची आहे, आणि एकट्या अमेरिकेच्या प्रतीक्षायादीवर एक लाखाहून अधिक नावे आहेत. आपला १९९४ चा कायदा नावाप्रमाणेच मानवी अवयवांसाठी आहे. प्राण्यांच्या अवयवांसाठी वेगळी चौकट, वेगळी निगराणी आणि वेगळे गोठे उभे राहिल्याविना महाराष्ट्रातील एखाद्या रुग्णालयात ही किडनी दोन वर्षांत बसेल असे मी म्हणू शकत नाही.

तरीही हे संशोधन यशस्वी व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि त्याचे कारण माझ्या बाह्यरुग्ण विभागात रोज समोर बसते. आपल्याकडे मेंदूमृत व्यक्तींचे अवयवदान दर दहा लाखांमागे एकापेक्षाही कमी आहे. म्हणून किडनी घरातूनच येते, आणि घरातून येते म्हणजे बहुधा बायकोकडून, आईकडून, बहिणीकडून. नवऱ्याला किडनी देणाऱ्या बायका मी शेकड्यांनी पाहिल्या. बायकोला देणारे नवरे बोटांवर मोजण्याइतके. डुकराची किडनी खरोखर चालू लागली तर या बायकांवरचा तो न बोललेला भार उतरेल.

बंधूंच्या बाबतीत हिशेब असा आहे. जिवंत नातलगाची किडनी साधारणपणे दहा-पंधरा वर्षे आणि पुष्कळदा त्याहून अधिक चालते. डुकराच्या किडनीचा सर्वांत चांगला अनुभव आज महिन्यांत मोजला जातो. डायलिसिसचे प्रत्येक वर्ष हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर ओरखडे ठेवून जाते, आणि बोस्टनच्या पहिल्या रुग्णाला किडनीने नव्हे, हृदयाने दगा दिला होता. शिवाय आपली किडनी आज घेतल्याने उद्याची वाट बंद होत नाही: बोस्टनच्या त्याच पहिल्या रुग्णाला आधी एक मानवी किडनी मिळालेली होती आणि ती थकल्यावरच डुकराची बसवली गेली. बारा-पंधरा वर्षांनी बंधूंना दुसरी किडनी लागली, तर तेव्हा या संशोधनाचा लाभ त्यांना मिळण्याची शक्यता मला आजपेक्षा कितीतरी अधिक वाटते. आपण द्यावी की नाही हा निर्णय सर्वस्वी आपला आहे, आणि तपासणीच्या वेळी डॉक्टरांशी एकट्याने बोलण्याचा आपल्याला हक्क आहे; मनात शंका असेल तर ती तेथे निःसंकोच सांगा.

पुढच्या भेटीला बंधूंचा इकोकार्डिओग्राम आणि हृदयाची ताण चाचणी झालेली असावी, आणि त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून घ्यावी. तोवर हिमोग्लोबिन उतरले म्हणून कोणी रक्त चढवायला सांगितले, तर आधी आपल्या नेफ्रॉलॉजिस्टना विचारा. एरिथ्रोपोएटिनच्या (तांबड्या पेशी वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या) इंजेक्शनने आणि लोहाने भागत असेल तर रक्त टाळा, कारण त्या बाटलीतील परक्या पेशींविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे उद्या आपल्याच किडनीसमोर उभी राहू शकतात.